सर्व्हर कोसळतो तेव्हा : रिमोट डेस्कटॉप आणि मेमरीचे दोष

रिमोट डेस्कटॉप सर्व्हर हे सॉफ्टवेअर एका संगणकाचा पडदा दुसऱ्या गावी बसलेल्या माणसाला दाखवते आणि त्या माणसाने दाबलेली कळ, हलवलेला माऊस मूळ संगणकापर्यंत पोचवते. हिशेब, फाइली आणि प्रोग्रॅम सर्व्हरवरच राहतात. ये-जा होते ती चित्राची आणि कळांची. अकोल्याची डाळ मिल किंवा अमरावतीची जिनिंग-प्रेसिंग मुख्य कार्यालयात एकच सर्व्हर ठेवते, त्यावर टॅली चालते आणि अकोट, दर्यापूर किंवा मूर्तिजापूरच्या शाखेतला मुनीम साध्या संगणकावरून त्यात नोंदी करतो, ते या सोयीच्या बळावर. करसल्लागारांची कार्यालये, पतसंस्था, महाविद्यालयांच्या प्रयोगशाळा अशा ठिकाणीही ही पद्धत सोयीची पडते. अमरावती ते अकोला अंतर सुमारे १०० किलोमीटर. काचतंतूतून जाणाऱ्या प्रकाशाला ते कापायला अर्धा मिलिसेकंद पुरतो. त्यामुळे अंतराची अडचण फारशी नसते. अडचण येते ती सर्व्हर मध्येच कोसळला की. एकट्याचा संगणक बंद पडला तर एकाचे काम थांबते. हा सर्व्हर पडला तर सगळ्या शाखांचे पडदे एकदमच काळे होतात.

सर्व्हर कोसळण्याची कारणे अनेक असली, तरी त्यांतला एक मोठा आणि चिवट गट मेमरीच्या दोषांचा आहे. मायक्रोसॉफ्टचे अभियंते मॅट मिलर यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये एका परिषदेत मांडलेल्या आकडेवारीनुसार कंपनी दरवर्षी दुरुस्त करत असलेल्या सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या चुकीच्या वापराचे होते. हे दोष कसे उद्भवतात, ते कसे शोधतात आणि कसे दुरुस्त करतात, हा या प्रकरणाचा विषय.

सर्व्हरला मेमरी कशासाठी लागते

१९२० गुणिले १०८० आकाराच्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ४ बाइट धरले तर एका चित्राला ८२,९४,४०० बाइट, म्हणजे साधारण ८ मेगाबाइट जागा लागते. सेकंदाला अशी ३० चित्रे जशीच्या तशी पाठवायची ठरवली तर दर सेकंदाला जवळपास २५ कोटी बाइट धाडावे लागतील. तालुक्याच्या गावच्या इंटरनेटला ते झेपणारे नाही. म्हणून सर्व्हर आधीचे चित्र मेमरीत जपून ठेवतो, नव्या चित्राशी ते ताडून पाहतो, बदललेला भागच निवडतो, तो दाबून लहान करतो आणि पाठवतो. या प्रत्येक टप्प्याला स्वतःची तात्पुरती जागा लागते; तिला बफर म्हणतात.

चित्राशिवाय इतरही वाहतूक असते. इथे कॉपी केलेला मजकूर तिकडे पेस्ट करता यावा, सर्व्हरवरचे बिल शाखेतल्या प्रिंटरवर छापले जावे, आवाज ऐकू यावा, पेन ड्राइव्ह दिसावा यासाठी एकाच जोडणीत अनेक वाहिन्या उघडतात. प्रत्येक वाहिनीचे बफर निराळे. कोणी लॉगिन केले की ही सगळी जागा घेतली जाते आणि तो बाहेर पडला की परत करायची असते.

विंडोजमधली ही सोय १९९८ साली विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीतून आली. तिच्या संवादनियमांना आरडीपी म्हणतात आणि तिचे नेहमीचे पोर्ट, म्हणजे जोडणीचे क्रमांकित दार, ३३८९. व्हीएनसी ही दुसरी पद्धत केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत जन्मली. तिचे पोर्ट ५९००. लिनक्सवर आरडीपी चालवण्यासाठी जे सॉर्ग यांनी २००४ मध्ये सुरू केलेले एक्सआरडीपी हे मुक्त सॉफ्टवेअर वापरले जाते. या साऱ्यांचा बराचसा भाग सी किंवा सी++ भाषेत आहे. या भाषांत मेमरी कधी मागायची, किती मागायची आणि कधी परत करायची हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठरवायचे असते. भाषा स्वतः त्यावर पहारा ठेवत नाही. वेगासाठी ही मोकळीक उपयोगी पडते. दोषही तिच्यातूनच शिरतात.

दोषांचे चार प्रकार

पहिला प्रकार गळतीचा. घेतलेली मेमरी परत करायची राहून गेली की ती प्रोग्रॅम संपेपर्यंत अडकून पडते. समजा, जोडणी तुटल्यावर पडद्याचा जुना बफर मोकळा करायचे राहून जात आहे. २० माणसे काम करतात आणि पावसाळ्यातल्या डळमळत्या इंटरनेटमुळे प्रत्येकाची जोडणी दिवसातून १० वेळा तुटून जुळते. म्हणजे दिवसाला २०० बफर, सुमारे १.६६ गिगाबाइट. सर्व्हरवर ८ गिगाबाइट मेमरी शिल्लक असेल तर पाचव्या दिवशी ती संपेल. चांगले इंटरनेट असलेल्या शहरात हाच प्रोग्रॅम महिनाभर विनातक्रार चालेल. गळतीचे दोष अनेकदा जोडणी तुटण्याच्या वाटेवर दडलेले असतात. ही वाट प्रोग्रॅमरच्या टेबलावर क्वचित तपासली जाते आणि प्रत्यक्ष वापरात रोज चालली जाते.

दुसरा प्रकार हद्द ओलांडण्याचा. १०० बाइटांच्या बफरात १२० बाइट लिहिले की शेवटचे २० शेजारच्या माहितीवर पडतात. तिथे एखादा पत्ता असेल, एखादी लांबी असेल, दुसऱ्याच्या पडद्याचा तुकडाही असेल. वाचताना हद्द ओलांडली तर शेजारची माहिती बिघडत नाही, पण परकी माहिती बाहेर जाऊ शकते.

तिसरा प्रकार परत केलेल्या मेमरीच्या वापराचा. प्रोग्रॅमच्या एका भागाने एखादी जागा मोकळी केली, पण दुसऱ्या भागाकडे तिचा पत्ता राहून गेला. मधल्या काळात ती जागा तिसऱ्याच कामाला दिली गेली. आता जुन्या पत्त्यावरून होणारे प्रत्येक लेखन नव्या माहितीची नासाडी करते. तीच जागा दोनदा मोकळी करणे हा याच दोषाचा भाऊबंद.

चौथा प्रकार रिकाम्या किंवा न भरलेल्या पत्त्याचा. मेमरी मागितली, ती मिळाली नाही, आणि मिळाली आहे असे समजून प्रोग्रॅम पुढे गेला. किंवा जागा मिळाली, पण तिच्यात काही भरण्याआधीच ती वाचली गेली.

या चारही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. सर्व्हर जिथे कोसळतो तिथे चूक असतेच असे नाही. गळती आठवडाभर चालू असते आणि सातव्या दिवशी मेमरी मागायला आलेला निर्दोष भाग बळी ठरतो. शेजारच्या माहितीवर सकाळी पडलेले २० बाइट दुपारी कोणी ती माहिती वाचायला गेले की उघड होतात. म्हणून मेमरीच्या दोषाची दुरुस्ती म्हणजे कोसळण्याच्या क्षणापासून मागे मागे जात मेमरी बिघडली तो क्षण गाठणे. सर्व्हर रीस्टार्ट केला की काम सुरू होते, कारण सारी मेमरी पुन्हा कोरी होते. दोष मात्र जागच्या जागी राहतो आणि त्याचा पुरावा पुसला जातो.

आधी रॅम तपासावी

प्रोग्रॅमवर ठपका ठेवण्याआधी मेमरीची चिप निर्दोष आहे याची खात्री करावी लागते. मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. दुकानामागच्या छोट्या खोलीत, धूळ भरलेल्या पंख्यांवर चालणाऱ्या सर्व्हरच्या आतले तापमान याहून बरेच जास्त असते. तापलेली किंवा जुनी रॅम अधूनमधून एखादा बिट उलटा करते. विजेचा दाब खालीवर झाला किंवा यूपीएसची बॅटरी संपत आलेली असली तरी असेच अकारण वाटणारे बिघाड होतात.

चिपचा दोष आणि प्रोग्रॅमचा दोष यांतला फरक ओळखण्याची एक उपयोगी खूण आहे. चिपचा दोष कुठेही प्रकट होतो : आज टॅली बंद पडते, उद्या ब्राउझर, परवा अख्खा संगणक. प्रोग्रॅममधला दोष एकाच प्रोग्रॅममध्ये आणि बहुधा त्याच्या ठरावीक भागात पुन्हा पुन्हा दिसतो. शंका असेल तर मेमटेस्ट८६+ हा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून सुरू करून रात्रभर चालवतात. तो रॅमच्या प्रत्येक भागात ठरावीक आकृतिबंध लिहितो आणि परत वाचून पाहतो. एकही चूक निघाली तरी ती रॅम बदलायची. सर्व्हरसाठी बनवलेली ईसीसी रॅम एक बिट उलटला तर तो स्वतःच सुधारते आणि दोन उलटले तर निदान कळवते, म्हणून कायम चालू राहणाऱ्या यंत्रात ती वापरणे शहाणपणाचे.

पुरावा कसा जमवतात

रॅम निर्दोष निघाली की नोंदी पाहायच्या. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअरमधील १००० क्रमांकाची नोंद कोणता प्रोग्रॅम आणि त्याचा कोणता भाग कोसळला हे सांगते. २००४ क्रमांकाची नोंद मेमरी संपत आल्याचा इशारा असते. लिनक्समध्ये सेगमेंटेशन फॉल्ट असे लिहिलेले आढळले तर प्रोग्रॅमने नको त्या पत्त्यावर हात घातला असे समजावे. आउट ऑफ मेमरी असा शेरा असेल तर गोष्ट वेगळी आहे. मेमरी पूर्ण संपली की लिनक्सचा गाभा बहुधा सर्वांत जास्त मेमरी अडवून बसलेला प्रोग्रॅम निवडतो आणि तडकाफडकी बंद करतो. हा प्रोग्रॅम गळतीचा धनी असेलच असे नाही.

वेळापत्रकही बोलके असते. सर्व्हर दर महिन्याच्या २० तारखेला, जीएसटी विवरणपत्र भरण्याच्या गडबडीत पडत असेल तर तो बहुधा एकाच वेळी वाढलेल्या माणसांचा भार असतो. रीस्टार्टनंतर साधारण तितक्याच दिवसांनी पडत असेल तर गळतीचा संशय घ्यावा. विशिष्ट शाखेतून कोणी प्रिंट दिली की पडत असेल तर शोध प्रिंटरच्या वाहिनीपासून सुरू होतो. गळतीची खात्री करायला खर्च काही नाही : दर तासाला सर्व्हर-प्रोग्रॅमने वापरलेल्या मेमरीची नोंद ठेवायची. माणसे घरी गेल्यावरही आकडा खाली येत नसेल आणि दिवसेंदिवस चढत असेल तर गळती आहे.

यापुढचा पुरावा म्हणजे डंप. प्रोग्रॅम कोसळतो त्या क्षणी त्याच्या मेमरीची जशीच्या तशी प्रत डिस्कवर उतरवता येते. लिनक्समध्ये तिला कोअर डंप म्हणतात. जीडीबी किंवा विंडोजवरचे विनडीबीजी हे प्रोग्रॅम ती प्रत वाचतात आणि कोणत्या फंक्शनने कोणाला हाक मारली ती साखळी उलगडून दाखवतात. या साखळीला बॅकट्रेस म्हणतात. ती वाचता यावी यासाठी मूळ प्रोग्रॅमची डीबग चिन्हे सोबत लागतात, नाहीतर फंक्शनच्या नावांऐवजी नुसते पत्ते दिसतात. मेमरी संपल्यामुळे गाभ्याने बंद केलेला प्रोग्रॅम डंप मागे ठेवत नाही; तिथे तासातासाच्या नोंदीच कामी येतात.

बॅकट्रेस कोसळण्याची जागा दाखवते, बिघाडाची दाखवेलच असे नाही. त्यासाठी दोष मुद्दाम पुन्हा घडवून आणावा लागतो आणि तो घडताना प्रोग्रॅमवर पहारा बसवावा लागतो. ज्युलियन स्युअर्ड यांचे व्हॅलग्रिंड हे साधन प्रत्येक मेमरी-व्यवहार तपासते. गळलेली जागा कोणत्या ओळीत मागितली होती हे ते सांगते. मात्र त्याच्या देखरेखीखाली प्रोग्रॅम दहापटींहून अधिक मंदावतो. गूगलमध्ये तयार झालेले ॲड्रेससॅनिटायझर वेगळ्या मार्गाने जाते. ते प्रत्येक बफरच्या दोन्ही बाजूंना वापरायला मनाई असलेली पट्टी सोडते आणि मोकळी झालेली मेमरी काही काळ कोणालाच देत नाही. पट्टीवर किंवा मोकळ्या जागेवर हात पडताच प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबतो आणि ती जागा कोणी मागितली, कोणी मोकळी केली आणि आता कोण वापरते आहे हे तिन्ही कळवतो. बिघाडाचा क्षण आणि कोसळण्याचा क्षण यांतले अंतर मिटते, हा त्याचा खरा लाभ.

एक्सआरडीपी : आठ बाइटांची अट

मेमरीचा दोष किती बारीक असतो आणि दुरुस्ती किती लहान असू शकते, याचे स्वच्छ उदाहरण फेब्रुवारी २०२२ मध्ये एक्सआरडीपीत दुरुस्त झालेल्या सीव्हीई-२०२२-२३६१३ या दोषाचे आहे. जगभरातल्या ज्ञात सुरक्षा-दोषांना असे सीव्हीई क्रमांक दिले जातात.

एक्सआरडीपीचे काम अनेक प्रक्रियांत विभागलेले असते. बाहेरची जोडणी ३३८९ या पोर्टवर एक प्रक्रिया स्वीकारते. नाव आणि पासवर्ड तपासून त्या माणसाचे सत्र सुरू करून देण्याचे काम सेसमन नावाची दुसरी प्रक्रिया करते. कोणाच्याही नावाने सत्र सुरू करायचे असल्यामुळे सेसमनला रूटचे, म्हणजे संपूर्ण यंत्राचे अधिकार असतात. त्या काळच्या आवृत्त्यांत ती ३३५० या पोर्टवर, सामान्यतः त्याच यंत्रापुरते, संदेश ऐकत असे. सेसमन पडली तर नव्या माणसाला आत येता येत नाही.

सेसमनला येणाऱ्या प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला ८ बाइटांचे शीर्ष असते. त्यात आवृत्ती आणि संपूर्ण संदेशाची लांबी लिहिलेली असते. सेसमन आधी हे ८ बाइट वाचते, त्यातून लांबी काढते आणि मग उरलेले बाइट येण्याची वाट पाहते. लांबी बफरच्या आकारापेक्षा मोठी तर नाही ना, ही तपासणी केलेली होती. ती फार लहान तर नाही ना, ही तपासणी नव्हती. प्रामाणिक संदेशाची लांबी ८ पेक्षा कमी असूच शकत नाही, कारण शीर्षच ८ बाइटांचे. पण संदेश पाठवणारा प्रामाणिक असेल असे गृहीत धरता येत नाही.

कोणी लांबी ४ असल्याचे सांगितले तर काय होईल? उरलेले बाइट म्हणजे सांगितलेली लांबी वजा आधीच आलेले बाइट : ४ वजा ८, म्हणजे उणे ४. संगणकाच्या ज्या संख्याप्रकारात ऋण संख्या नसतात त्यात ३२ बिटांचे उणे ४ हे ४,२९,४९,६७,२९२ असे वाचले जाते. संख्या शून्याखाली जाऊन दुसऱ्या टोकाने अफाट होऊन बाहेर येते. याला इंटिजर अंडरफ्लो म्हणतात. या आकड्यावर विसंबून बफरात लेखन सुरू झाले की हद्द ओलांडली जाते आणि शेजारची मेमरी बिघडते. वेड्यावाकड्या बाइटांनी सेसमन नुसती कोसळेल. बाइट विचारपूर्वक निवडले तर सामान्य वापरकर्त्याला रूटचे अधिकार मिळू शकतील. कोसळण्याचा दोष आणि सुरक्षेचा दोष अनेकदा एकच असतो, तो असा.

०.९.१८.१ या आवृत्तीत दुरुस्ती आली. लांबी बफरपेक्षा मोठी असेल तर संदेश नाकारायचा, या अटीला जोड मिळाली : लांबी ८ पेक्षा कमी असेल तरीही नाकारायचा. एका ओळीतली एक तुलना. पण ती योग्य जागी बसली, म्हणजे लांबी वाचल्याबरोबर आणि तिच्यावर कोणतेही गणित होण्याआधी. बफर मोठा करून किंवा कोसळणाऱ्या ओळीभोवती तात्पुरते कुंपण घालून हा दोष गेला नसता. लक्षण तेवढे दुसरीकडे सरकले असते.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेल्या ०.९.२१ या आवृत्तीत आणखी १० सीव्हीई दोष बुजवले गेले. त्यांतले बहुतेक याच कुळातले होते : वाहिनीतून आलेली माहिती, तिची लांबी आणि बफरची हद्द यांची अपुरी पडताळणी. व्हीएनसीची स्थितीही वेगळी नव्हती. कॅस्परस्कीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये लिबव्हीएनसी, अल्ट्राव्हीएनसी, टाइटव्हीएनसी आणि टर्बोव्हीएनसी या चार प्रकल्पांत मिळून ३७ दोष जाहीर केले होते. एका जागी एका प्रकारची चूक सापडली की तशीच चूक उरलेल्या वाहिन्यांत शोधावी, हा यातला व्यावहारिक धडा.

ब्लूकीप : एका वाहिनीचे दोन धनी

परत केलेल्या मेमरीच्या वापराचे सर्वांत गाजलेले उदाहरण विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमधले आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने कळवलेला आणि १४ मे २०१९ रोजी मायक्रोसॉफ्टने दुरुस्तीसह जाहीर केलेला हा दोष सीव्हीई-२०१९-०७०८, म्हणजेच ब्लूकीप. विंडोज एक्सपी, व्हिस्टा, ७, सर्व्हर २००३, २००८ आणि २००८ आर२ यांना तो बाधत होता. विंडोज ८ आणि १० त्यातून सुटले होते. एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्येच संपला होता, तरी कंपनीने अपवाद करून त्यासाठीही पॅच काढला. लॉगिन न करता, नुसत्या जोडणीतून हा दोष चाळवता येत असल्याने तो एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप पसरण्याची भीती होती. त्या महिन्याच्या अखेरीस सुरक्षा-संशोधक रॉबर्ट ग्रॅहम यांनी इंटरनेट पडताळून पाहिले तेव्हा सुमारे साडेनऊ लाख यंत्रे उघडी आढळली.

दोषाची रचना अशी. सर्व्हर आपल्या अंतर्गत कामासाठी एमएस_टी१२० नावाची वाहिनी स्वतः तयार करतो आणि तिला ३१ क्रमांकाच्या खणात बांधतो. बाहेरून जोडणी करणाऱ्याला हव्या त्या वाहिन्यांची नावे मागता येतात. त्याने हेच नाव मागितले तर सर्व्हर नावावरून शोध घेई, अस्तित्वात असलेली अंतर्गत वाहिनी त्याला सापडे आणि तिचाच पत्ता तो दुसऱ्या एका खणातही लिहून ठेवी. एकाच शेताचे दोन सातबारे निघावेत तशी ही गत. मग बाहेरचा माणूस आपल्या खणातली वाहिनी बंद करायला लावी. सर्व्हर तिची मेमरी मोकळी करी आणि तो खण पुसे. ३१ क्रमांकाच्या खणात मात्र जुना पत्ता तसाच राही. जोडणी संपताना सर्व्हर त्या पत्त्याकडे पुन्हा वळला की मोकळ्या केलेल्या मेमरीवर हात पडे. हे सारे टर्मडीडी या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात घडत असल्यामुळे एखादा प्रोग्रॅम नव्हे तर अख्खे यंत्र निळा पडदा दाखवून कोसळे.

पॅचने काय केले? मागितलेले नाव एमएस_टी१२० असेल तर ती वाहिनी नेहमी ३१ क्रमांकाच्या खणातच बांधायची, असे ठरवले. दुसऱ्या खणात पत्ता गेलाच नाही, त्यामुळे शिळा पत्ता राहण्याचा प्रश्न मिटला. इथेही दुरुस्ती कोसळण्याच्या जागी झाली नाही. ती झाली मालकी ठरते त्या जागी.

नोव्हेंबर २०१९ मध्ये या दोषाचा प्रत्यक्ष गैरवापर उघडकीस आला तो यंत्रे कोसळल्यामुळेच. संशोधक केव्हिन बोमाँट यांनी हल्लेखोरांसाठी सापळा म्हणून ठेवलेली यंत्रे एकामागून एक निळा पडदा दाखवू लागली. त्यांच्या डंपमधून ब्लूकीपचा वापर सिद्ध झाला. हल्लेखोरांना तिथे आभासी चलन कमावणारा प्रोग्रॅम बसवायचा होता. डंप जपून ठेवलेला नसता तर ती केवळ जुन्या यंत्रांची कुरकुर समजली गेली असती.

पॅच लिहिल्यानंतर

दुरुस्तीची ओळ लिहून काम संपत नाही. ज्या संदेशाने किंवा कृतीने सर्व्हर कोसळत होता, ती कायमची चाचणी म्हणून प्रकल्पात ठेवतात, म्हणजे पुढच्या बदलात तोच दोष परतला तर लगेच कळतो. त्यानंतर फझिंग करतात : एक प्रोग्रॅम सर्व्हरला लाखो मोडकेतोडके, खोट्या लांबीचे, अर्धवट तुटलेले संदेश देत राहतो आणि ॲड्रेससॅनिटायझर त्यावर नजर ठेवतो. गळतीसाठी चाचणी निराळी असते. हजारो जोडण्या जोडायच्या, तोडायच्या आणि शेवटी मेमरी मूळ आकड्यावर येते का ते पाहायचे.

चुका मुळातूनच टाळण्याचा प्रयत्नही चालू आहे. रस्ट या भाषेत मेमरीच्या प्रत्येक तुकड्याचा मालक एकच असतो आणि मालक संपल्यावर त्याचा पत्ता वापरणारा प्रोग्रॅम तयारच होत नाही. आरडीपीची आयर्नआरडीपी नावाची रचना याच भाषेत आहे. मात्र सी भाषेतल्या अनेक वर्षांच्या कामाला एका रात्रीत पर्याय मिळत नाही, म्हणून शोध आणि दुरुस्ती यांना पुढेही बराच काळ वाव राहील.

कार्यालयाने काय करावे

सोर्स कोड वाचणारा माणूस दुकानात किंवा पतसंस्थेत क्वचितच असतो. तरीही दुरुस्तीचा मोठा भाग तिथेच पार पडतो, कारण निघालेला पॅच बसवला नाही तर तो निघून उपयोग नाही. कापसाचा हंगाम आणि मार्चअखेर टाळून, बॅकअप घेऊन, रविवारी अपडेट करावे. लिनक्सच्या डेबियन किंवा उबुंटू वितरणात सुरक्षेची दुरुस्ती अनेकदा जुन्या आवृत्तीतच घातली जाते. मुख्य आकडा जुना दिसला तरी वितरणाच्या बदलनोंदीत सीव्हीई क्रमांक आहे का ते तपासावे. विंडोज ७ किंवा सर्व्हर २००८ आर२ अजून चालू असेल तर नवा पॅच मिळेल या भरवशावर राहू नये. ते यंत्र बदलणे हाच उपाय.

३३८९ हे पोर्ट थेट इंटरनेटवर उघडे ठेवू नये. शाखांनी आधी व्हीपीएनने जोडले जावे आणि मग सर्व्हरवर यावे. विंडोजमध्ये एनएलए चालू ठेवावे. त्यामुळे नाव आणि पासवर्ड पटल्याशिवाय पुढचा संवाद होत नाही आणि ब्लूकीपसारखा दोष अनोळखी माणसाच्या हाती पडत नाही. नको असलेल्या वाहिन्या, उदाहरणार्थ आवाज किंवा पेन ड्राइव्ह, बंद कराव्यात. बंद वाहिनीतला दोष चाळवला जात नाही आणि तिची मेमरीही वाचते. तुटून पडलेली सत्रे ठरावीक वेळेनंतर संपवण्याची आणि प्रत्येक सत्राच्या मेमरीला मर्यादा घालण्याची सोय वापरली तर एका सत्राची गळती सगळ्यांना बुडवत नाही. पॅच येईपर्यंत रोज रात्री ठरवून रीस्टार्ट करणे हा मान्य तात्पुरता उपाय आहे, मात्र त्याआधी मेमरीचा आकडा आणि नोंदी साठवून ठेवाव्यात.

दोष कळवताना सर्व्हर-सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, कोसळण्याची तारीख-वेळ, त्या वेळी किती माणसे जोडलेली होती, शेवटची कृती कोणती आणि दोष पुन्हा घडवता येतो का एवढे लिहावे. बॅकट्रेस जोडावी. पूर्ण डंप मात्र सरसकट कोणाला पाठवू नये. ती मेमरीची तंतोतंत प्रत असल्याने तिच्यात पासवर्ड, ग्राहकांचे हिशेब आणि उघड्या पडद्यांचा मजकूर असू शकतो. दोष सुरक्षेचा वाटत असेल तर तो चारचौघांत न मांडता प्रकल्पाच्या सुरक्षा-पत्त्यावर किंवा देशाच्या सर्ट-इन या संस्थेकडे कळवावा, म्हणजे पॅच येण्याआधी त्याची वाच्यता होत नाही.